सत्तापालट आणि लोकसत्ता : आमच्या मातीतील दोन सप्टेंबर

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरातील कोणाचा जन्म कधीचा असे विचारले, तर ती सन सांगत नसे. 'रझाकारीच्या आधीचा' किंवा 'ॲक्शनच्या नंतरचा' असे सांगे. ॲक्शन म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाई. जालना शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत त्या पिढीतील असंख्य माणसे काळ याच रीतीने मोजीत. राज्य बदलते म्हणजे काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. ते त्यांच्या उंबऱ्यासमोरून गेले होते. आम्ही एकदा आजीला विचारले, "ॲक्शन झाल्यावर काय बदललं?" ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "झेंडा बदलला, पुढं रुपयाही बदलला. तुझ्या आजोबांच्या पाठीवरचं पोतं काही बदललं नाही."

आमचे आजोबा मोंढ्यात हमाल होते. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे ग्रंथालयात आणि कामगार-सभेत झाले. तेव्हा विद्वानांनी बोलावयाच्या या व्यासपीठावरून आम्ही जागतिक राजकारणावर बोलणे हे काहीसे धाडसाचेच आहे. परंतु आजीचे ते एक वाक्य गेली चाळीस वर्षे आमची पाठ सोडीत नाही, आणि त्याचा उलगडा करावयाचा तर जालन्यापासून पॅरिसपर्यंत जाऊन यावे लागते. सत्ता बदलते म्हणजे नेमके काय बदलते? ती कोण बदलतो? आणि तिच्यातून लोकांचे राज्य कधी निघते व कधी निघत नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला आपल्या जिल्ह्याबाहेरून सुरुवात करण्याचे कारण नाही. आपल्याच मातीत दोन सप्टेंबर होऊन गेले आहेत : एक १८०३ चा, दुसरा १९४८ चा.

पहिल्या सप्टेंबरची गोष्ट आधी सांगू. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा आणि इंग्रज कंपनीची फौज यांची गाठ पडली. कंपनीच्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. त्याच्या हाताखाली दहा हजारांच्या आतबाहेर सैन्य होते. समोर त्याच्या कितीतरी पट. तरीही सायंकाळपर्यंत मैदान त्याच्या हाती आले. त्यासाठी त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी त्याला कोणी विचारले, की तुमच्या आयुष्यातील सर्वांत चांगली लढाई कोणती. तर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

आता प्रश्न असा की, इंग्रज सेनापतीला केळणेच्या काठी येऊन लढण्याचे कारणच काय? कारण येथे नव्हते. ते युरोपात होते. त्या काळी इंग्लंड आणि फ्रान्स ही जगातील दोन बलाढ्य राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसली होती. ज्या ज्या देशी दरबारात फ्रेंच कवायती अधिकारी नोकरीस होते, तो दरबार इंग्रजांच्या डोळ्यांत खुपत होता. निजामाच्या पदरी असे एक मोठे दल होते. १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली (म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ) याने निजामाशी तैनाती फौजेचा तह केला आणि ते फ्रेंच दल मोडून टाकले. शिंद्यांच्या फौजेचा कणाही असाच परदेशी अधिकाऱ्यांनी घडविलेला होता. पुण्यात यशवंतराव होळकरांनी १८०२ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या बाजीरावाला पळवून लावले, तेव्हा बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी तह करून मोकळा झाला. १८०३ च्या मे महिन्यात त्याच आर्थर वेलस्लीने त्याला पुन्हा गादीवर बसविले. गादी मिळाली, परंतु ती ज्या खांद्यावर ठेवली गेली, तो खांदा परक्याचा होता. पंधरा वर्षांनी तो खांदा बाजूला झाला आणि पेशवाई संपली.

असईनंतर काय झाले? डिसेंबरात भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी अंजनगावचा तह केला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा मुलूख त्यांच्या हातून गेला. त्यात जालनाही होते. कंपनीने हा मुलूख निजामाच्या पदरात टाकला. म्हणजे ज्या राजवटीचा शेवट १९४८ मध्ये झाला, तिचा आमच्या गावावरचा पक्का अंमल असईच्या रणातून जन्माला आला होता. बारकाईने पाहा : त्या सगळ्या व्यवहारात जालन्याच्या एकाही कुणब्याला, विणकराला, सावकारालासुद्धा कोणी विचारले नाही. मोंढ्यात धान्याची थप्पी एका अडत्याकडून दुसऱ्या अडत्याकडे जाते, तेव्हा ज्वारीला कोणी विचारीत नाही. तसेच हे झाले. मोठ्या राष्ट्रांनी तराजू धरला, सत्तेचा तोल सांभाळला, आणि आम्ही त्या तराजूत माल म्हणून मोजले गेलो.

पुढे १४४ वर्षे ही गादी टिकली. कशावर टिकली? प्रजेच्या प्रेमावर टिकली असे म्हणणारे काही लोक अजूनही भेटतात, आणि सातव्या निजामाच्या काळातील विद्यापीठ, दवाखाने, कालवे, धरणे यांची यादी देतात. ही यादी खोटी नाही. परंतु गादी टिकली ती जालन्यासारख्या गावी असलेल्या कंटिंजंटच्या छावण्यांवर. त्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. ज्या फौजेने गादी राखावयाची, तिच्याच पगारापायी मुलूख गहाण पडला! पहिल्या महायुद्धानंतर निजामाला 'यार-ए-वफादार', म्हणजे इंग्रजांचा एकनिष्ठ दोस्त, असा किताब मिळाला. किताब खरोखरच यथार्थ होता. दोस्ती लंडनशी होती. रयतेशी दोस्ती करण्याची गादीला कधी गरजच भासली नाही.

आमच्या मते हा पहिला धडा आहे. जी सत्ता बाहेरच्या तोलावर उभी असते, ती आतल्या माणसाकडे पाहत नाही. आणि बाहेरचा तोल ढळला की ती आतून उभी राहू शकत नाही.

आता दुसऱ्या सप्टेंबरकडे यावयाचे. परंतु त्याआधी दहा वर्षे मागे गेले पाहिजे. कारण १९४८ चा इतिहास सांगताना बहुतेक लोक रणगाड्यांपासून सुरुवात करतात, आणि तेथेच चूक होते.

हैदराबाद संस्थानात सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाचा हुकूम जुन्या मंडळींना पाठ होता. सभा नाही, म्हणजे संघटना नाही. संघटना नाही, म्हणजे मागणी नाही. कामगार-चळवळीतल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग लोकांनी काय केले? त्यांनी वाचनालये काढली, शाळा काढल्या, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवली. राजकारणाचे दार बंद होते, म्हणून ते संस्कृतीच्या खिडकीतून आत आले. आणि १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते कोठे? हैदराबादेत नाही, औरंगाबादेत नाही; आपल्या परतूरला. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा ते आपल्याकडे आले. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. आज परतूर स्टेशनवरून गाडी पुढे निघून जाते आणि डब्यातील कोणाला ठाऊकही नसते, की मराठवाड्यातील लोकशाहीची एक पहिली बैठक येथे बसली होती.

पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या आधीच तिच्यावर बंदी आली. ती बंदी १९४६ पर्यंत राहिली. १९३८ मध्ये सत्याग्रह झाला; 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढले गेले. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते हे सर्वांना माहीत आहे. परंतु भगवी वस्त्रे घेण्यापूर्वी ते कामगारपुढारी न. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते, हे फार थोड्यांना माहीत असते. मराठवाड्यात येऊन त्यांनी प्रथम हाती घेतली ती शाळा. बंदूक फार पुढे आली. आधी फळा आणि खडू आला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचाराचे तरुण त्यांच्या बाजूस उभे राहिले. तिकडे हैदराबादेत कवी मखदूम मोहिउद्दीन कामगारांच्या संघटना बांधीत होते. तेलंगणात शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले होते. यांचे आपापसांत पटत होते असे नाही. कित्येकदा मुळीच पटत नव्हते. परंतु सभा, ठराव, वर्गणी, पावती, हिशेब, मतभेद आणि पुन्हा सभा, ही सवय या सगळ्यांनी लोकांना लावली. आमच्या मते ती सवय हीच लोकशाही. बाकीचा सारा सरंजाम मागाहून येतो.

१९४७ च्या ऑगस्टात इंग्रज गेले. १४४ वर्षांचा खांदा निघून गेला. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबरला एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो हैदोस घातला, त्याच्या आठवणी जालना, अंबड, भोकरदन या भागातील घराघरांत आहेत. हद्दीपलीकडे कार्यकर्त्यांच्या छावण्या पडल्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी खेड्यातील बाई या लढ्यात जिवावर उदार होऊन उतरली. जालन्याचे हुतात्मा जनार्दनमामा यांच्या स्मारकापाशी दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण उभे राहतो. ही माणसे कोणाच्या तराजूतला माल नव्हती. असईच्या वेळी आणि या वेळी जो फरक पडला, तो हा.

सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरले. औरंगाबाद आणि जालना दोन-तीन दिवसांत हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती एद्रूस याने जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पाच दिवस! ज्या गादीच्या वैभवाच्या कथा अमेरिकेतील मासिके छापीत होती, ती पाच दिवसांत कोसळली.

त्या पाच दिवसांत जग काय करीत होते? निजाम सरकारने २१ ऑगस्टलाच सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद बसली. भारताचे म्हणणे, की हा आमचा घरचा प्रश्न. निजामाच्या वकिलांचे म्हणणे, की हे आक्रमण. आठ मतांनी विषय कामकाजात घेतला गेला. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. चर्चा सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची तक्रार तोच शरण गेला. काही दिवसांनी निजामाने तक्रार मागे घेतल्याचे कळविले. लंडनमध्ये चर्चिलसाहेबांनी निजामाची बाजू पुष्कळ घेतली होती. पण ते सत्तेवर नव्हते आणि येथे इंग्रजांची पलटण उरली नव्हती. अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्स यांचे लक्ष बर्लिनकडे होते. तेथे जूनपासून रशियाने नाकेबंदी केली होती. पाकिस्तान काश्मिरात गुंतले होते, आणि ११ सप्टेंबरला जिना वारले होते. सिडनी कॉटन नावाचा एक वैमानिक कराचीहून रात्रीबेरात्री हैदराबादेत शस्त्रे उतरवीत होता. तेवढीच काय ती बाहेरची मदत.

याचा अर्थ काय? आपला पक्ष न्याय्य होता म्हणून जग गप्प बसले, अशी समजूत करून घेणे सुखाचे आहे, पण खरे नाही. जग गप्प बसले, कारण त्या आठवड्यात जगाचा काटा दुसरीकडे झुकला होता. १८०३ मध्ये तोच काटा आमच्यावर आदळला; १९४८ मध्ये तो आमच्यावरून गेला. जगाच्या तराजूवर न्यायाची आशा ठेवणाऱ्याने दोन्ही तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत.

येथे आमच्या व्याख्यानाचा कठीण भाग येतो. तो वगळला असता तर टाळ्या अधिक पडल्या असत्या. परंतु ज्या गोष्टीने आपल्याला लाज वाटते तीही आपल्याच इतिहासाची असते. पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर संस्थानात ठिकठिकाणी मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगविला गेला. रझाकार पळाले किंवा तुरुंगात गेले. मार खाल्ला तो पुष्कळदा गरीब विणकराने, शेतमजुराने, किरकोळ दुकानदाराने. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीस पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले आणि मृतांचा अंदाज दिला, तो सत्तावीस ते चाळीस हजारांचा. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत कहर सर्वांत अधिक झाला. हा अहवाल अनेक दशके कपाटात राहिला.

त्या अहवालात एक गोष्ट आहे. आम्ही ती जेथे संधी मिळेल तेथे सांगतो. पुष्कळ ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, आणि हा बंधुभाव एकाच धंद्यातील माणसांत विशेष दिसला. काही गावी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने हिंदू जमावापुढे उभे राहिले, त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले, असे त्यात नमूद आहे. त्या विणकरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. सैन्याने राज्य बदलले. राज्य बदलण्याच्या त्या धुमाळीत माणुसकी राखली ती ज्यांचे हात एकाच मागावर चालत होते त्यांनी. आमच्या मते त्या सप्टेंबरातील सर्वांत मोठी लोकशाही कृती हीच. मत देण्याचा अधिकार तेव्हा यावयाचाच होता. परंतु शेजाऱ्याला जगण्याचा अधिकार आहे हे मत त्यांनी जीव देऊन नोंदविले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ अखेर लष्करी गव्हर्नर होते. मग वेलोडी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. ते कोणी निवडून दिलेले नव्हते. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली आणि तिच्याखाली राज्यप्रमुख कोण झाला? तोच निजाम! त्याला तनखाही मिळाला. १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. ही खरी मोठी कामे होती. कारण ज्याच्या पायाखाली जमीन नाही, त्याच्या हातातील मतपत्रिका वाऱ्यावर उडते. १९५२ च्या आरंभी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. हमाल, मोलकरीण, देवडीवरचा शिपाई आणि ज्याची देवडी तो जहागीरदार, प्रत्येकाला एकच मत. बुर्गुल रामकृष्णराव यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ त्या मार्चमध्ये अधिकारावर आले. आणि ज्यांच्यावर काल गोळ्या झाडल्या जात होत्या, ते तेलंगणातील डावे लोक विरोधी बाकांवर येऊन बसले. सत्तापालट १७ सप्टेंबर १९४८ ला झाला हे खरे; परंतु लोकसत्तेचा पहिला दिवस म्हणावयाचा तर तो या मतदानाचा. दोहोंमध्ये साडेतीन वर्षांचे अंतर आहे. ते अंतर ओलांडता आले, कारण परतूरपासून लागलेली सभेची सवय मोडली नव्हती. १९५६ मध्ये संस्थान विभागले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला.

आता जगाकडे एक दृष्टिक्षेप टाकू. आपल्या दोन सप्टेंबरांचे माप हाती असले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. इराणात मोसादेघ यांच्या सरकारने १९५१ मध्ये तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. १९ ऑगस्ट १९५३ रोजी इंग्लंड-अमेरिकेच्या गुप्त हातांनी ते निवडून आलेले सरकार उलथले आणि शहाची सत्ता घट्ट केली. हे असईचेच राजकारण. फ्रेंचांच्या जागी रशियाचे भय आणि मुलुखाच्या जागी तेल. पंचवीस वर्षांनी त्याच तेलाच्या कामगारांनी संप केला आणि शहाचे आसन डळमळले. गादी गेली, परंतु कामगारांनी कारखान्यांत उभ्या केलेल्या समित्याही नव्या सत्तेने लवकरच मोडल्या.

इराकचे उदाहरण तर आम्हांला फारच बोलके वाटते. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या फौजा शिरल्या, तीन आठवड्यांत बगदाद पडले. सांगण्यात आले, की लोकशाही आणली. सद्दामचे कितीतरी हुकूम रद्द झाले. परंतु सरकारी कारखान्यांत आणि तेलखाणींत कामगार-संघटना करण्यास बंदी घालणारा त्याचा १९८७ चा कायदा? तो तसाच ठेवला! हुकूमशहाचा पुतळा पाडला आणि त्याची बेडी जपून ठेवली. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांला गश्ती निशाण ५३ ची आठवण झाली. सत्तापालट खरा की खोटा हे ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे : दुसऱ्या दिवशी चार गरीब माणसांना परवानगीवाचून सभा भरविता येते की नाही?

उलट पोलंडमध्ये १९८० च्या ऑगस्टात ग्दान्स्कच्या गोदी-कामगारांनी संप केला आणि पहिलीच मागणी केली ती स्वतंत्र संघटनेची. तिचे सभासद कोटीच्या घरात गेले. लष्करी कायदा आला, पुढारी तुरुंगात गेले, तरी १९८९ च्या जूनमध्ये निवडणूक होऊन राज्य बदलले. रशियाचा तोल ढळला होता म्हणून ते शक्य झाले, हे खरे. परंतु तोल ढळला त्या दिवशी उभे राहावयास तेथे माणसे तयार होती, हेही तितकेच खरे. मात्र ही कथाही पुरी सांगितली पाहिजे. ज्या गोदीने राज्य बदलले, तिचेच १९९६ मध्ये दिवाळे निघाले. सत्ता आणली म्हणून पोटाची हमी मिळत नाही; ती पुन्हा निराळी मिळवावी लागते. आमची आजी ग्दान्स्कला गेली असती, तर पोत्याचे वाक्य तिने तेथेही म्हटले असते.

असो. परदेशाची उदाहरणे देणे सोपे असते. घरचे द्यावे तेव्हा जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक लोखंडाचा कारखाना विकला गेला. जुना मालक गेला म्हणून कामगारांनी पेढे वाटले; आम्हीही खाल्ले. फाटकावरची पाटी नवी झाली. पुढच्या महिन्यात पाहतो तो ठेकेदार तोच, हजेरीचे पुस्तक तेच, आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पायात चामड्याचा बूट नव्हता तो नव्हताच. आम्ही त्या दिवशी भाषण केले, की नुसती पाटी बदलून भागत नाही. टाळ्या पडल्या. तेव्हा मागच्या रांगेतून मोंढ्यातला एक वयस्क हमाल उठला आणि म्हणाला, "दादा, खरं बोललात. पण आपल्या युनियनची निवडणूक होऊन नऊ वर्षं झाली. निजामाची गादी गेली, तुमची कवा?"

सभेत हशा पिकला. आम्हांला प्रथम राग आला. एवढी वर्षे आम्ही लाठ्या खाल्ल्या, घरदार पाहिले नाही, आणि हा आम्हांला निजाम म्हणतो! परंतु रात्री झोप लागेना. निजामालाही असेच वाटत असेल : मी विद्यापीठ काढले, मी दवाखाने बांधले. दीड महिन्याने आम्ही गुप्त मतदानाने निवडणूक घेतली. आम्ही थोडक्या मतांनी निवडून आलो; आमचा विश्वासू खजिनदार पडला. त्याच्या जागी आलेल्या तरुण पोराने पहिल्याच बैठकीत आमच्याकडे प्रवासखर्चाच्या पावत्या मागितल्या. तेव्हापासून आमचा हिशेब अधिक नीट राहतो. आणि खरे सांगावयाचे तर वर्गणीही अधिक जमते.

येथे आमच्या आजीच्या वाक्याचा उलगडा आम्हांला होतो, तो असा. झेंडा सैन्याने बदलता येतो, रुपया सरकारी हुकमाने बदलता येतो. पाठीवरचे पोते मात्र ज्याच्या पाठीवर आहे त्यानेच, शेजारच्या पाठींना बरोबर घेऊन, हलके करावे लागते. आजोबांच्या पिढीला ते जमले नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला, तो कोणत्याही फौजेने आणला नाही. तो हमालांच्या संघटनेने आणला. त्याची अंमलबजावणी अजूनही जागोजाग भांडून घ्यावी लागते, आणि ते भांडण म्हणजेच आमची दररोजची लोकशाही.

जगात आजही मोठी राष्ट्रे तराजू घेऊन बसली आहेत. कोणाचे राज्य उलथावयाचे, कोणाचे टिकवावयाचे, याचे हिशेब आजही दूर कोठेतरी होतात, आणि एखादे केळणाकाठचे खेडे त्यात उद्याही सापडेल. तो तराजू मोडणे आमच्या हाती नाही. परंतु त्या तराजूत आपण माल म्हणून मोजले जावयाचे की नाही, हे काही अंशी आपल्या हाती असते, आणि ते ठरते अशाच सभांत, जेथे मागच्या रांगेतला माणूस उठून पुढच्याला "तुमची कवा?" असे विचारू शकतो. आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : गाव करी ते राव न करी. १८०३ मध्ये रावांनी केले. गाव नुसते पाहत राहिले. १९४८ मध्ये गाव थोडे जागे होते, म्हणून १९५२ उजाडले. पुढे काय उजाडावयाचे, ते गाव किती जागे राहते यावर आहे.

असईला कोणी गेला नसेल, तर एकदा जाऊन यावे. तेथे आता ज्वारी-कपाशीची शेते आहेत. आणि परत येताना परतूरलाही जावे. एका ठिकाणी राज्य बदलले होते. दुसऱ्या ठिकाणी माणसे बदलू लागली होती.